अमेरिकेतलं सर्वांत मिश्र शहर दिवाळखोर कसं झालं?

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहराबद्दल आठ वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या बातम्या आल्या. २८ जून २०१२ रोजी या शहराने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराने असा अर्ज केलेला नव्हता. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटने तो विक्रम मोडला. मग जानेवारी २०२० मध्ये ‘यू.एस. न्यूज’ने देशातल्या मोठ्या शहरांची पाहणी करून स्टॉकटनला अमेरिकेतलं सर्वांत वैविध्यपूर्ण शहर ठरवलं.

एक बातमी लाजेची, दुसरी कौतुकाची, म्हणून त्या सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. स्टॉकटन पहिल्यापासून दुसऱ्यांच्या गरजेवर वाढलेलं गाव आहे. शेजारच्या डोंगरात सोनं सापडलं तेव्हा तिथल्या खाणवाल्यांना माल पुरवला, शेतमालकांना मजूर हवे झाले तेव्हा मजूर सामावून घेतले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या नोकरदारांना परवडणारी घरं हवी झाली तेव्हा घरं बांधली. माणसं त्या त्या गरजेपोटी आली. गरज सरली की फटकाही त्यांनाच बसला.

आधी ‘वैविध्यपूर्ण’ म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द फार सैल वापरला जातो. २०२० च्या जनगणनेत स्टॉकटनची लोकसंख्या ३,२०,८०४ होती. २०११ च्या जनगणनेतलं आपलं चंद्रपूर साधारण एवढंच. यातले सुमारे ४५ टक्के लोक लॅटिनो, म्हणजे बहुतेक मेक्सिकन मुळाचे. पाचातला एक आशियाई, सहातला एक गोरा, दहातला एक कृष्णवर्णीय, उरलेले इतर किंवा मिश्र वंशाचे. वैविध्य मोजायची एक सोपी रीत अशी, की शहरातून कुठलीही दोन माणसं डोळे मिटून निवडायची आणि ती वेगवेगळ्या गटांतली असण्याची शक्यता काढायची. स्टॉकटनच्या आकड्यांवर हा हिशोब केला तर दहापैकी सात वेळा दोघं वेगळ्या गटांतली निघतात. कुठल्याच गटाचं बहुमत नाही, म्हणून हे घडतं.

या मोजणीत एक गंमत आहे. ती पंजाबी, फिलिपिनो, कंबोडियन, हमाँग, चिनी, व्हिएतनामी अशा सगळ्यांना ‘आशियाई’ या एकाच खान्यात कोंबते. एकाच गल्लीत राहणारे शीख ट्रकचालक आणि कंबोडियन आजीबाई या हिशोबात एकसारखे ठरतात. खरं मिश्रण आकड्यापेक्षा बरंच जास्त आहे.

एवढी माणसं इथेच का आली, याचं उत्तर जमिनीत आहे. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्या समुद्राकडे जाताना जिथे एकत्र येतात, तिथे पूर्वी शेकडो चौरस मैलांची दलदल होती. योकुट्स या मूळ रहिवाशांची ही भूमी. १८३३ मध्ये हिवतापाच्या साथीने त्यांच्यातली फार मोठी संख्या गेली. नंतर चार्ल्स वेबर नावाच्या जर्मन स्थलांतरिताने इथली मोठी जमीन मिळवली आणि सोन्याच्या धामधुमीत, १८४९ मध्ये, शहर आखलं. वेबरने थोडा काळ खाणीत हात घालून पाहिला, पण खाणीत उतरणाऱ्यांना माल विकण्यात जास्त पैसा आहे हे त्याने लवकर ओळखलं. सॅन फ्रान्सिस्कोहून आगबोटी थेट स्टॉकटनला येत आणि इथून खेचरांवर लादलेला माल दक्षिणेकडच्या खाणींकडे जाई.

सोनं ओसरल्यावर लोकांची नजर दलदलीकडे वळली. पाणी काढलं तर खाली पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी, अत्यंत सुपीक माती होती. पण पाणी काढायचं तर बांध घालायचे, आणि बांध घालायचे तर कंबरभर चिखलात उभं राहून माती ओढणारी माणसं हवीत. ती मिळाली चिनी मजुरांत. १८६९ मध्ये देशाच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि त्यावर काम केलेले हजारो चिनी रिकामे झाले. त्यांच्यातल्या अनेकांनी हे बांध रचले. सॅन फ्रान्सिस्को पहिलं शहर, सॅक्रामेंटो दुसरं आणि स्टॉकटन तिसरं, असं चिनी लोक या तीन गावांना संबोधत. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या जगात स्टॉकटनला एवढं महत्त्व होतं.

इथून पुढचा इतिहास समजायला एक किल्ली पुरते. शेताला हात लागतातच, पण ते हात ज्यांचे, त्यांना नागरिक म्हणून वसवायला देश तयार नसतो. म्हणून एका गटाची संख्या वाढली की त्याच्यासाठी दार बंद होतं, आणि मालक दुसऱ्या दाराने दुसरा गट आणतात. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली, तर जपानी आले. त्यांच्यातला जॉर्ज शिमा त्रिभुज प्रदेशात एवढा बटाटा पिकवू लागला की वर्तमानपत्रं त्याला ‘बटाटा राजा’ म्हणत. १९०७-०८ मध्ये दोन्ही सरकारांत समझोता होऊन जपानी मजुरांचं येणं थांबलं. १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना जमिनीची मालकी घेता येईना. कायद्यात जपान्यांचं नावही नव्हतं, रोख मात्र उघड त्यांच्यावर होता. १९४२ मध्ये तर इथल्या चार हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना शहराच्या जत्रेच्या मैदानावर कोंडलं आणि तिथून आर्कान्सॉच्या छावणीत पाठवलं.

या छावण्यांच्या कितीतरी आधी पंजाबी आले होते, आणि इथे आपलाही धागा जुळतो. १९१२ मध्ये स्टॉकटनला अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा सुरू झाला. पुढाकार घेणाऱ्यांत होते ज्वालासिंग, खंडाने जमीन घेऊन बटाटा पिकवणारे. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना बर्कलीच्या विद्यापीठात शिकता यावं म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या दिल्या. दुसऱ्याच वर्षी गदर पक्ष स्थापन झाला आणि हा गुरुद्वारा त्याच्या माणसांचा मुख्य आधार बनला. ज्वालासिंग पक्षाचे उपाध्यक्ष झाले. गदरच्या सुरुवातीच्या मंडळींत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तेच पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही गदरचेच. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर ते फासावर गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत गदरला चार ओळी मिळतात, आणि त्यामागे कॅलिफोर्नियाच्या बटाट्याच्या शेतातली मजुरी होती हे त्या चार ओळींत मावत नाही.

१९१७ मध्ये भारतासह बहुतेक आशियाचं दार बंद झालं. उरले फिलिपिनो. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिथल्या लोकांना परदेशी म्हणून अडवता येत नव्हतं. १९२० च्या दशकात तरुण पुरुष हजारोंनी आले ते मुख्यतः अ‍ॅस्परॅगसच्या कापणीसाठी. ही कोवळ्या कोंबांची भाजी, आणि कोंब रोज कापावा लागतो. कंबरेत वाकून, जमिनीलगत, एका वेळी एक, पीटच्या खाज आणणाऱ्या धुळीत. हंगाम संपला की हे लोक अलास्काच्या मासळीच्या कारखान्यांत किंवा द्राक्षांच्या मळ्यांत जात आणि पुन्हा स्टॉकटनला परतत. त्यांचा पत्ता म्हणजे एल डोराडो रस्त्याच्या आसपासची वस्ती, ‘लिटल मनिला’. फिलिपिन्सबाहेर फिलिपिनो लोकांची एवढी मोठी वस्ती कित्येक वर्षं दुसरीकडे नव्हती. शहराच्या मुख्य रस्त्याच्या उत्तरेला त्यांनी जायचं नाही, हा अलिखित नियम. हॉटेलांच्या दारावर ‘फिलिपिनोंना प्रवेश नाही’ अशा पाट्या. गोऱ्या स्त्रीशी लग्न केलं तर राज्याचा कायदा ते मानत नसे, आणि हा कायदा १९४८ पर्यंत टिकला. फिलिपिनो स्त्रिया फारशा आल्याच नव्हत्या. परिणामी हजारो पुरुष अविवाहित म्हातारे झाले.

पण याच माणसांनी अमेरिकेतल्या शेतमजुरांची चळवळ उभी केली. लॅरी इटलियाँग स्टॉकटनचे. सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला संप प्रथम त्यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी पुकारला. सेझर चावेझ यांची मेक्सिकन संघटना आठवड्याभराने सामील झाली, आणि आज नाव बहुतेक वेळा चावेझ यांचंच घेतलं जातं. त्या संघटनेच्या सहसंस्थापक दोलोरेस वेर्ता याही स्टॉकटनमध्येच वाढल्या. त्यांची आई इथे शेतमजुरांना परवडेल असं हॉटेल चालवायची.

साठ-सत्तरच्या दशकांत दोन महामार्गांना जोडणारा रस्ता शहराच्या मधून काढायचं ठरलं आणि तो नेमका लिटल मनिला आणि चिनी वस्तीवरून गेला. आखणी करताना कुणाची घरं ‘जुनाट’ ठरतात, हे बघितलं की शहरात कुणाचं वजन किती ते कळतं.

पुढचं भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडले म्हणून १९४२ पासून मेक्सिकोबरोबर कराराने मजूर आणले गेले, ते १९६४ पर्यंत. १९६५ च्या कायद्याने आशियाचं दार पुन्हा उघडलं. १९७५ नंतर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधले निर्वासित आले, कारण इथे घरं स्वस्त होती. जानेवारी १९८९ मध्ये एका बंदूकधाऱ्याने इथल्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळीबार केला. त्यात पाच मुलं गेली, सगळी याच निर्वासित कुटुंबांतली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने काही प्रकारच्या लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घातली. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य.

आता पैशाकडे वळू. इथे निर्माण झालेली संपत्ती इथे टिकत नाही, हा स्टॉकटनचा जुनाच रोग. पीटच्या भुसभुशीत जमिनीत यंत्रांची चाकं रुतत. म्हणून स्टॉकटनच्या बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये चाकांऐवजी साखळीपट्ट्यावर चालणारा ट्रॅक्टर तयार केला. जगभर ‘कॅटरपिलर’ म्हणून ओळखली जाणारी कंपनी त्यातून निघाली. १९२५ मध्ये होल्टची कंपनी प्रतिस्पर्धी बेस्टच्या कंपनीत विलीन झाली आणि मुख्यालय पुढे इलिनॉयमधल्या पिओरियाला गेलं. शहरात आठवण राहिली. अ‍ॅस्परॅगसचंही तेच झालं. १९८६ पासून त्या भाजीचा मोठा महोत्सव भरू लागला, पण मेक्सिको आणि पेरूहून स्वस्त माल येऊ लागल्यावर तिचं क्षेत्र मात्र झपाट्याने आटलं.

मग नव्वदच्या दशकापासून घरं हेच मुख्य पीक झालं. सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३० किलोमीटरवर. तिथले नोकरदार घराच्या किमतींनी बेजार, आणि इथे सपाट मोकळी जमीन. १९९८ मध्ये स्टॉकटन ते सॅन होजे अशी ‘एस’ ही रेल्वेगाडी सुरू झाली. पहिली गाडी पहाटे चारच्या सुमारास सुटते. रोज एका बाजूने दीड तासाहून जास्त प्रवास करणाऱ्यांचं प्रमाण काढलं तर स्टॉकटनचा परिसर अमेरिकेत अगदी वर येतो.

घरं बांधल्याने शहर श्रीमंत का वाटू लागतं, हे समजायला कॅलिफोर्नियाची करपद्धत बघावी लागते. १९७८ मध्ये जनमताने मंजूर झालेल्या ‘प्रस्ताव १३’नुसार मालमत्ता कर घराच्या नोंदवलेल्या किमतीच्या मूळ एक टक्क्यापर्यंतच घेता येतो, आणि ही नोंदवलेली किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. घर विकलं गेलं की मात्र नवी बाजारभावाची किंमत लागू होते. थोडक्यात, जुन्या रहिवाशांकडून शहराला फारसं वाढीव उत्पन्न मिळत नाही. ते येतं नव्या घरांतून, विक्रीच्या व्यवहारांतून आणि बांधकाम परवान्यांच्या शुल्कातून. सतत बांधत राहिलं तरच तिजोरी फुगते. २००० नंतरची काही वर्षं स्टॉकटन बांधत राहिलं. मध्यम घराची किंमत चार लाख डॉलरच्या आसपास गेली, आणि नगरपरिषदेला वाटलं की हे असंच चालणार.

त्या भरात बंदिस्त क्रीडागृह, बेसबॉलचं मैदान, नदीकाठचा नौकाथांबा आणि नवं मुख्यालय म्हणून एक आठ मजली इमारत, हे सगळं कर्जरोखे काढून उभं केलं किंवा घेतलं. त्याहून मोठी दोन ओझी मात्र डोळ्यांना दिसत नव्हती. एक म्हणजे निवृत्त कर्मचाऱ्यांना आयुष्यभर मोफत आरोग्यसेवा. हे वचन उदारपणे दिलेलं होतं, पण त्यासाठी बाजूला काहीच ठेवलेलं नव्हतं. दुसरं म्हणजे निवृत्तिवेतन निधीतली तूट. ती भरायला २००७ मध्ये शहराने साडेबारा कोटी डॉलरचे रोखे काढले. मिळालेले पैसे राज्याच्या निवृत्तिवेतन निधीत घालायचे, निधी ते बाजारात गुंतवणार, आणि परतावा व्याजापेक्षा जास्त येणार, अशी ती योजना. घर गहाण ठेवून ते पैसे शेअर बाजारात लावण्यासारखंच हे. रोखे विकून दिले लेहमन ब्रदर्सने. पुढच्याच वर्षी ती बँकच बुडाली आणि बाजारही.

घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. हप्ते थकून बँकेने जप्त केलेल्या घरांच्या प्रमाणात स्टॉकटन देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यांना महागड्या अटींची कर्जं गळ्यात मारली होती त्यांत लॅटिनो आणि कृष्णवर्णीय कुटुंबं जास्त होती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहून पहिल्यांदाच घर घेतलेली. मालमत्ता कर घटला, परवान्यांचं शुल्क आटलं. शहराने पोलीस दल सुमारे पाव हिश्शाने कमी केलं. २०१२ मध्ये ७१ खून झाले, तोवरच्या इतिहासात सर्वाधिक. कर्ज थकल्यामुळे वेल्स फार्गो बँकेने तीन वाहनतळ आणि ती आठ मजली इमारत ताब्यात घेतली. मुख्यालय तिथे कधी गेलंच नाही.

शहर दिवाळखोर होतं म्हणजे काय होतं? कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकून देणी भागवता येतात. शहराचं तसं करता येत नाही. कुणी रस्ते आणि अग्निशमन दल लिलावात काढत नाही. शहरांसाठी वेगळा कायदा आहे, त्याला ‘चॅप्टर नऊ’ म्हणतात. त्यात न्यायाधीश शहर चालवायला घेत नाही. कुणाला किती द्यायचं याची योजना शहरच मांडतं, ज्यांचं देणं आहे ते तिच्यावर भांडतात, आणि योजना न्याय्य व पेलणारी आहे का एवढं न्यायाधीश ठरवतो. आपल्याकडे महापालिका डबघाईला आली तर राज्य सरकारच्या दारात जाते. कॅलिफोर्नियाने स्टॉकटनची देणी अंगावर घेतली नाहीत.

निवृत्तांची आरोग्यसेवा बंद झाली. सुमारे ५४.५ कोटी डॉलर किमतीच्या त्या हक्कापोटी त्यांना एकरकमी ५१ लाख डॉलर मिळाले, तेही सगळ्यांत मिळून. म्हणजे शंभर डॉलरला एक डॉलरसुद्धा नाही. फ्रँकलिन टेम्पल्टन या गुंतवणूक कंपनीला सुमारे ३.६ कोटींच्या कर्जापोटी जेमतेम ४० लाख मिळाले. निवृत्तिवेतन मात्र शाबूत राहिलं. न्यायाधीश क्रिस्टोफर क्लाइन यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये आधी म्हटलं की निवृत्तिवेतनाला कायद्याने कात्री लावता येते, आणि त्याच महिन्याच्या शेवटी ते न कापणारी योजना मंजूर केली. शहराचा युक्तिवाद असा होता की निवृत्तिवेतन कापलं तर पोलीस शेजारच्या गावात नोकरी धरतील. यात तथ्य होतं. तरीही माझ्या मते कर्मचाऱ्यांचं नुकसान झालं नाही असं कुणी म्हणू नये. आजारपणाचा खर्च अंगावर पडलेल्या सत्तरीतल्या माणसाला निवृत्तिवेतन शाबूत राहिल्याचं सुख किती काळ पुरणार? रहिवाशांच्या वाट्याला आला वाढीव विक्रीकर: २०१३ मध्ये मतदारांनी तो नऊ टक्क्यांवर न्यायला मान्यता दिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर पडलं.

पुढच्याच वर्षी मायकेल टब्स महापौर म्हणून निवडून आले. वय २६, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, दक्षिण स्टॉकटनच्या गरीब वस्तीत वाढलेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने १२५ रहिवाशांना दरमहा ५०० डॉलर विनाअट मिळू लागले. पैसा देणग्यांतून आला, शहराच्या तिजोरीतून नव्हे. फुकटचे पैसे मिळाले की लोक काम सोडतील, हा नेहमीचा आक्षेप. पहिल्या वर्षात उलट झालं. पैसे मिळणाऱ्यांत पूर्णवेळ नोकरी असणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ४० वर गेलं, न मिळणाऱ्या तुलनेच्या गटात ३२ वरून ३७ वर. खर्चात सर्वांत मोठा वाटा अन्नाचा, दारू-तंबाखूचा एक टक्क्याहून कमी. याचं कारण मला तरी साधं वाटतं. तासांवर राबणाऱ्या माणसाला मुलाखतीसाठी एक दिवस सुट्टी घ्यायची तर त्या दिवसाची मजुरी बुडते. पाचशे डॉलर त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करतात. एवढ्या लहान प्रयोगावरून देशाचं धोरण ठरवू नये हे खरं, तरी राज्याने २०२१ मध्ये अशा प्रयोगांसाठी साडेतीन कोटी डॉलर ठेवले. टब्स मात्र २०२० ची निवडणूक हरले.

आजचं स्टॉकटन गोदामांचं आहे. दोन महामार्ग, लोहमार्ग आणि विमानतळ असलेलं शहर, त्यातच समुद्रापासून इतक्या आत असूनही १९३३ पासून सागरी जहाजं थेट धक्क्याला लागणारं बंदर. ऑनलाइन माल साठवायला आणि पाठवायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. अ‍ॅमेझॉनची मोठी गोदामं इथे आणि शेजारच्या ट्रेसीत आहेत. ट्रक चालवणाऱ्यांत पंजाबी मोठ्या संख्येने आहेत, शतकापूर्वी बटाटे काढणाऱ्यांच्या गुरुद्वाऱ्यात आता तेही जातात. नोकऱ्या खऱ्या आहेत, पण पगार बेताचे, बरीच भरती हंगामी, आणि ट्रकांच्या धुराची भर देशातल्या सर्वांत खराब हवेच्या खोऱ्यांपैकी एकात पडते. पंचविशीच्या वरच्या साधारण पाचातल्या एकाकडेच पदवी आहे, म्हणून गोदाम सोडून जायचं कुठे हा प्रश्न उरतो.

घरांच्या किमती पुन्हा चढल्या आहेत, कारण त्या ठरतात सॅन होजेच्या पगारावर. याच जिल्ह्यातल्या माउंटन हाउसला १ जुलै २०२४ रोजी स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला. तिथे भारतीय आयटीवाल्यांची कुटुंबं इतकी आहेत की मराठी कानावर पडली तर नवल नाही. ही मंडळी पश्चिमेकडच्या टेकड्या ओलांडून कामाला जातात, आणि गोदामातला कामगार त्यांच्याशी घराच्या बोलीत स्पर्धा करतो. ‘एस’ गाडीचा मार्ग आता दक्षिणेला सीरिस आणि मर्सेडपर्यंत नेण्याची योजना हाती घेतली आहे. तिकडे जमीन अजून स्वस्त आहे, आणि कर्ज काढून घरं बांधायला उत्सुक असलेल्या नगरपरिषदाही.